सातूची हलकी बिअर

दादाचा हात पॉवर प्रेसखाली सापडला तेव्हा मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, "बाई, तुमच्या भावाच्या कारखान्यातून माणूस आलाय." मी खडू टेबलावर ठेवला, मुलींना धडा वाचत बसायला सांगितलं आणि निघाले. दवाखान्यात पोचले तोवर डाव्या हाताची दोन बोटं गेलेली होती. मधलं आणि त्याच्या शेजारचं.

खरं तर दादा प्रेसवरचा माणूसच नव्हता. तो टर्नर होता. सातपूरच्या त्या कारखान्यात लेथवर त्याच्याइतकं साफ काम कुणाचं नाही, असं त्याचे सोबतीच सांगत. त्या दिवशी प्रेसवाला आला नाही म्हणून सुपरवायझरने त्याला तिथे उभं केलं, एवढंच.

वडील गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि दादा नुकताच आयटीआयमधून बाहेर पडला होता. घर त्याने ओढलं. मला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, "आधी हिला नोकरी लागू दे." मला विज्ञानशिक्षिकेची नोकरी लागली त्या दिवसापासून तो मला नावाने हाक मारायचाच थांबला. "बाई" म्हणू लागला. सुरुवातीला थट्टेने, मग तेच नाव झालं.

हात भरून आला. कारखान्याने त्याला काढलं नाही, टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं. येईल त्याला ड्रिल द्यायचं, मायक्रोमीटर द्यायचं, शिफ्ट सुटताना परत घ्यायचं. वस्तीतले लोक म्हणाले, नशीब म्हणायचं, नोकरी तरी राहिली. दादा खिडकीत बसू लागला. पण शिफ्ट सुटल्यावर तो सरळ घरी येईनासा झाला. वसाहतीच्या मागे, नाल्याकाठी बाभळीच्या आडोशाला हातभट्टीची दारू मिळायची. तिथे बसू लागला.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. आम्ही तेव्हा सातपूरच्या कामगार कॉलनीत दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. आई, दादा आणि मी. आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची. वंदनेनंतर पाचही शीलं ती मोठ्याने म्हणायची. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. पूर्वी ते म्हणताना तिचा आवाज इतरांपेक्षा वर असायचा. त्या वर्षी तो खाली आला, आणि मी शेजारी बसून ते ऐकत होते.

दादा पिऊन आला की आरडाओरडा करायचा नाही. तसं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तो भिंतीला धरत यायचा, ताटावर बसायचा, दोन घास खाऊन उठायचा. आई त्याच्याकडे न बघता ताट उचलायची. मी बोलून पाहिलं, रडून पाहिलं, त्याच्याशी बोलणं सोडून पाहिलं. कशाचा काही उपयोग झाला नाही.

मग एका संध्याकाळी त्या भट्टीवर विषारी माल आला. दादाच्याच खात्यातला एक वेल्डर तिथे प्यायला आणि दोन दिवसांत त्याची नजर गेली. कायमची. दादाची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती म्हणून तो त्या वेळी तिथे नव्हता. वेल्डरला बघून तो घरी आला आणि उंबऱ्यावरच बसला.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. "दादा, आता तरी सोड."

"मला काय कळत नाही होय, बाई? संध्याकाळ झाली की हात दुखतो. आहेत ती बोटं नाही, गेलेली दुखतात. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणतो, असं होतं. होतं म्हणजे मी काय करू?"

 मी दुसरंच विचारलं. "तुला कधी एखादं पिणं असं मिळालंय का, की प्यायलास आणि शुद्धीवर राहिलास?"

 तो म्हणाला, "एकदा. मशीन बसवायला तो परदेशी इंजिनीअर आला होता बघ. काम संपलं त्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना बिअर दिली. दुकानातली असते तसली कडक नव्हती, त्याने बरोबर आणलेली. हलकी एकदम. जराशी कडसर, गार. दोन ग्लास प्यालो, गप्पा मारल्या आणि सायकलवर सरळ घरी आलो. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

"तशी रोज संध्याकाळी एक बाटली मिळाली तर भट्टीवर जायचं सोडशील?"

तो हसला. "तशी कुठं मिळायची?"

"मी करीन."

"बिअर? तू?"

"मी करीन म्हणाले ना. तू शब्द दे."

त्याने दिला. मी ते कधी करू शकेन असं त्याला मुळीच वाटलं नव्हतं, म्हणून इतक्या सहज दिला. पण शब्द तो शब्द, आणि मी तो धरून बसले.

बिअर दुकानात मिळत नव्हती असं नाही. शहरात मिळायची, परमिट दाखवून. पण तिच्या शेजारच्या फळीवर बाकीचं सगळंही मांडलेलं असायचं. दादाला रोज त्या दारात पाठवायची माझी तयारी नव्हती. शिवाय दुकानातली त्याला नकोच होती. त्याला हवी होती ती हलकी, आणि ती घरी झाली तर किती, कधी, कशी, हे माझ्या हातात राहणार होतं.

कृतीचं म्हणाल तर किण्वन मी कॉलेजात शिकले होते. धान्याला मोड आले की त्यातल्या पिष्टाची साखर होते, साखरेवर यीस्ट सोडलं की अल्कोहोल आणि वायू तयार होतो. कागदावर दोन ओळींचं काम. प्रत्यक्षात पहिली ठेच धान्यावरच लागली. मी औषधाच्या दुकानातून आजाऱ्यांसाठी असते ती बार्ली आणली, भिजवली, फडक्यात बांधली. मोड आलेच नाहीत, वास मात्र सुटला. त्या बार्लीचं साल आणि अंकुर पॉलिशमध्येच गेलेला असतो, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मग रविवार कारंज्याला धान्याच्या दुकानातून सालासकट सातू आणला. सातू म्हणजे जवच. पूजेसाठी मूठभर नेणारे लोक असतात, मी पिशवीभर मागितला म्हणून दुकानदाराने दोनदा विचारलं.

आईने सातू निवडायला घेतला आणि विचारलं, "एवढा कशाला गं?"

मी तिच्यापासून लपवणार नव्हते. सगळं सांगितलं. तिचा हात सुपात थांबला.

"ह्या घरात दारू गाळणार तू? भित्तीवर कुणाचे फोटो हायेत ते बघ जरा."

"बघितलेत. रोज बघते. पण तो वेल्डर आंधळा झाला, आई. दादा त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होता म्हणून वाचला. पुढच्या वेळी कुठल्या पाळीला असेल?"

ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर सातू भिजवलेला होता, आणि ओल्या गोणपाटावर पसरून वर दुसरं गोणपाट टाकलेलं होतं. नाचणीचं सत्त्व करताना आई नाचणीला मोड आणायची, तसंच.

"मोड आणून, वाळवून, भरडून देईन," आई म्हणाली. "सातूचं पीठ सगळ्याच घरात करत्यात. त्याच्या म्होरचं तुमचं तुम्ही बघा. मी हात लावायची नाय."

त्या दिवसापासून आमच्या घरातली ही हद्द ठरली. तिने ती शेवटपर्यंत पाळली.

थंडी सुरू झाली होती, ते बरं झालं. नाशिकच्या थंडीत आंबवण सावकाश चालतं, लवकर बिघडत नाही. मी मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, भरडा सातू घातला आणि आच कमी-जास्त करत राहिले. फार तापलं तर साखर करणारं द्रव्य मरतं, कमी तापलं तर पेज होते. शाळेत लाळेचा पिष्टावर होणारा परिणाम आम्ही आयोडीन टाकून दाखवायचो. घरीही तेच केलं. बशीत पातेल्यातला एक थेंब घ्यायचा, वर टिंक्चर आयोडीनचा थेंब. निळं-काळं झालं म्हणजे पिष्ट शिल्लक आहे. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि शेवटी थेंब तसाच तांबूस राहिला. चाखलं तर गोड. साखरेचा कण न घालता गोड! मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

मग ते पंच्यातून गाळलं, उकळलं, गार केलं. बिअरला कडवटपणा आणणारी फुलं डोंगराळ, थंड मुलखात होतात, ती नाशकात कुठून आणायची? आमच्याकडे कडू म्हणजे काडेकिराईत. तापात देतात ते. त्याच्या काड्या उकळताना टाकल्या. यीस्टसाठी कॉलनीबाहेरच्या बेकरीत गेले. बेकरीवाला म्हातारा होता, दाढी मेंदीने रंगवलेली. "टीचरबाई, पाव घरी करणार काय?" म्हणाला. मी म्हटलं, प्रयोग आहे. त्याने कागदात खमिराचा गोळा बांधून दिला.

लोणच्याची मोठी बरणी धुऊन घेतली होती, त्यात सगळं ओतलं. चार-पाच दिवस ती बरणी गुरगुरत होती. मग शांत झाली. मी ग्लास भरून दादापुढे ठेवला.

तो अख्खा ग्लास प्यायला. तोंड वाकडं केलं नाही. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "चांगली आहे."

मी उरलेलं चाखलं. आंबट, तेही व्हिनेगरसारखं, आणि पाठोपाठ काडेकिराईताचा कडूपणा घशाला चिकटलेला. बरणीच्या मातीत जुन्या लोणच्याचं काय काय मुरलेलं असेल ते सगळं त्यात उतरलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी दादा भट्टीवर गेला. आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"शब्द दिला होतास."

"बिअर मिळाली तर, असं ठरलं होतं," तो भिंतीला धरून म्हणाला. "ती बिअर नव्हती, बाई."

त्याचं खरं होतं. राग तर आलाच. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना स्टीलचं झाकणाचं पिंप घेऊन आले. बरणी परत लोणच्याला दिली.

दुसऱ्या खेपेला प्रत्येक भांडं उकळत्या पाण्याने धुतलं. काडेकिराईताची एकच बारीक काडी टाकली, तीही उकळी संपताना काढून घेतली, आणि सोबत ठेचलेले धणे आणि मोसंबीची पातळ साल घातली. आंबट झाली नाही. पण दाट झाली. दादा म्हणाला, "चव बरी आहे, पण ही पेज आहे. त्या इंजिनीअरची पाण्यासारखी होती." म्हणून तिसऱ्या खेपेला सातू कमी केला, पाणी वाढवलं. या वेळी रंग उतरला, वाळक्या गवतासारखा. वासही छान आला. मी खूश झाले आणि घाई केली. पिंपातलं गुरगुरणं पुरतं थांबायच्या आधीच साध्या बाटल्यांत भरलं, फेस यावा म्हणून प्रत्येकीत चमचाभर साखर टाकली, बुचं घट्ट बसवून तारेने बांधली आणि ओट्याखाली ठेवली.

रविवारी सकाळी आई ओट्याशी होती, दादा दाढी करत होता. ओट्याखाली धाडकन आवाज झाला. लगेच दुसरा, तिसरा. काचा खोलीभर उडाल्या. आईच्या पायाला एक तुकडा चाटून गेला. मी धावले तिच्याकडे. तिला फार लागलं नव्हतं. मग दादाकडे बघितलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, डावा हात छातीशी घट्ट धरलेला, चेहऱ्यावर अर्धा साबण. प्रेसचा आवाज त्याच्या कानात परत आला होता, हे मला सांगावं लागलं नाही.

मला वाटलं, संपलं. आई आता हे चालू देणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

आईने पाय धुतला, हळद लावली. दादाने तोंड पुसलं, झाडू घेतला आणि काचा भरू लागला. सगळ्या भरून झाल्यावर म्हणाला, "बाई, तुला रसायन कळतं. दाब कळत नाही. हे तुझ्या एकटीचं काम नाही."

त्या दुपारी तो सायकल काढून गेला आणि गोटीच्या सोडा बाटल्या घेऊन आला. एक सोडावाला धंदा बंद करत होता, त्याच्याकडच्या. जाड काचेच्या, गळ्यात गोटी असलेल्या. बाटली भरून उलटी धरायची, गोटी घरंगळत तोंडाशी येते, आतला वायू वाढला की तोच तिला दाबून धरतो. "ही काच दाब सहन करायलाच केलेली," तो म्हणाला. मी साखर चिमटीवर आणली आणि गुरगुरणं पूर्ण थांबेपर्यंत भरायचं नाही, हे ठरवून टाकलं.

आता राहिला गाळ. पिंप कलतं केलं की तळाचं खमीर उठायचं आणि सगळं गढूळ व्हायचं. पिंपाला विकतची तोटी होती, पण ती अगदी तळाशी, नेमकी गाळातच. वर दुसरी बसवायची तर बाजारातल्या सगळ्या थेंब थेंब गळायच्या.

"चांगली तोटी हवी," मी दादाला म्हटलं. "पितळी. गाळाच्या वर बसणारी, न गळणारी."

"बघतो कुणाकडून करून मिळते का."

"कुणाकडून कशाला? तू टर्नर आहेस."

त्याने हात वर करून दाखवला. नुसता. मला तो रोजच दिसत होता.

"उजवा धड आहे," मी म्हटलं. "डाव्याची तीन आहेत. तोटी केवढीशी असते? तुझ्या मित्राचं वर्कशॉप आहे. लेथ आहे. जाऊन बघ तरी."

"लोक बघतील."

"बघू देत. मी शाळेत काय करते? रोज पन्नास पोरी बघतात."

तो आठवडाभर गेला नाही. मी रोज विचारत राहिले. जेवताना, निघताना, दारात. शेवटी चिडून गेला. रात्रीच्या जेवणाआधी परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला लेथवरच्या कूलंटचा वास होता. तो वास मी कित्येक महिन्यांनी घेतला. खिशातून त्याने कागदात गुंडाळलेली वस्तू काढली. पितळेची तोटी, चकचकीत. आटे इतके सुबक की मी बोटाने चाचपत राहिले.

"एक जॉब बिघडवला आधी, पितळ वाया गेलं," तो म्हणाला. "पकडायची सवय बदलावी लागते. अंगठा जरा पुढे घ्यायचा."

आईने तोटी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

ती चौथी खेप. सोडा बाटलीची गोटी अंगठ्याने आत ढकलली की टुक् असा आवाज यायचा, मग फेस. फिकट, जवळजवळ नितळ, धण्यांचा मागून येणारा वास, जिभेवर थोडी कडसर आणि लगेच नाहीशी. दादा अर्धा ग्लास प्यायला, थांबला.

"हीच?" मी विचारलं.

"ती नाही," तो म्हणाला. "पण हलकी आहे. ही प्यायची."

त्या हिवाळ्यात तो संध्याकाळी घरी येऊन एक बाटली प्यायचा. शेजाऱ्यांना टुक् ऐकू यायचं, ते समजायचे, मास्तरीणबाईंकडे सोडा पितात. आणि आठवड्यातून दोन-तीनदा तो मित्राच्या वर्कशॉपात जाऊ लागला. सुरुवातीला झाकणाची कडी, नळीचा जोड असली आमच्या पिंपाची कामं. मग मित्राची किरकोळ कामं.

उन्हाळ्यात बिअर करता येईना, आंबून जायची. त्या महिन्यांत मी धास्तावलेली असायचे. पण वर्कशॉपात काम होतं, आणि काम संपवून आलेल्या माणसाला भूक लागते.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी दादाने कारखान्यात अर्ज केला. लेथवर परत घ्या म्हणून. चाचणी घ्या, करून दाखवतो, असंही तोंडी सांगितलं. साहेबांनी चाचणी घेतलीच नाही. जबाबदारी कोण घेणार, म्हणाले. खिडकीत बसा, काय वाईट आहे?

त्या दिवशी तो भट्टीवर गेला. नाल्याकाठची बंद झाली होती, दुसरी शोधली. घरी आला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "गेलो होतो."

आईने डोळे मिटून घेतले.  पण गेल्या वर्षी हाच माणूस शब्दाचा कीस काढत भिंतीला धरून उभा होता. आज त्याने स्वतः सांगितलं होतं. मी ते सोडणार नव्हते.

"बरं," मी म्हटलं. "हात-पाय धू, जेव. रविवारी सातू भिजवायचाय. पिंपाचं झाकण नीट बसत नाही, ते उद्या घेऊन जा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "रागावली नाहीस?"

"रागावलेय. झाकण घेऊन जा."

तो घेऊन गेला.

असे तीन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी पातेलं गॅसवर होतं आणि दार उघडं होतं. मागच्या ओळीत एक हवालदार राहायचे. सभ्य माणूस. साध्या कपड्यात, मुलीच्या परीक्षेचं विचारायला आले आणि दारातच थांबले. नाक वर केलं.

"आजी, काय शिजतंय?" त्यांनी आईला विचारलं.

आई खोटं बोलत नसे. तेही शीलच. "सातू," ती म्हणाली.

"आणि त्या पिंपात?"

"ते माझ्या लेकीला इचारा."

ते माझ्याकडे वळले. माझ्या हातात पळी होती. मनात दहा उत्तरं येऊन गेली, मी खरं तेच सांगितलं. "बिअर आहे. भावासाठी करते. विकत नाही, कुणाला देत नाही. तो हातभट्टीवर जायचा, तो जाऊ नये म्हणून."

हवालदार खाटेवर टेकले.  मग म्हणाले, "ताई, तुमच्या भावाला मी ओळखतो. त्या नाल्यावर बघितलाय आणि आता वर्कशॉपातही बघतो. पण परवान्याशिवाय हे घरात करणं गुन्हा आहे. मी नाही तर दुसरा कुणी येईल. तुमची शाळेतली नोकरी जाईल. मी आज परीक्षेचं विचारायला आलो होतो, तेवढंच लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी नाही ठेवणार."

ते गेले. दादा आतून सगळं ऐकत होता. बाहेर आला आणि त्याने गॅस बंद केला.

"बंद करू, बाई."

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळी काम आहे. मित्र म्हणतोय, भागीत शेड घेऊ. मी अजून हो म्हटलं नव्हतं." त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं. "स्टोअरची नोकरी सोडायची म्हणजे तुझ्या पगारावर घर येणार काही दिवस. चालेल?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं तुझ्यावर होतं. चालेल."

आईने पातेल्यातला सातू गाळून घेतला. चोथा शेजारच्या म्हशीला घातला आणि गोड पाणी आमच्या तिघांच्या पेल्यांत ओतलं. अजून खमीर पडलेलं नव्हतं, त्यामुळे तिने आपलाही पेला भरला. "हे चांगलं लागतं की," म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी सातपूरमध्येच पत्र्याची शेड घेतली. जुना लेथ घेतला, दादाने तो महिनाभर खपून सरळ केला. सुरुवातीला काम मिळता मिळेना. मग द्राक्षबागा वाढू लागल्या तशी फवारणीच्या पंपांची पितळी नोझलं लागू लागली. निफाड, पिंपळगावकडचे शेतकरी स्वतः येऊन न्यायचे, कारण दादाचं नोझल फवारा सारखा टाकायचं. पुढे दुसरा लेथ आला. चाळिशी ओलांडल्यावर दादाने लग्न केलं, दवाखान्यातल्या एका परिचारिकेशी, आणि माझं लग्न त्याच्या आधी वर्षभर त्याने हट्टाने लावून दिलं. आईने दोन्ही संसार बघितले.

दादा पुढे कधी प्यायलाच नाही, असं मी म्हणणार नाही. एखाद्या कार्यात ग्लासभर घ्यायचा आणि मला सांगायचा. भट्टीवर मात्र गेला नाही. गेलेली बोटं दुखायची, अगदी म्हातारपणापर्यंत. दुखू लागली की तो शेडवर जाऊन काहीतरी हातात घेऊन बसायचा.

शिक्षिका असून घरात बिअर केली, हे ज्यांना कळलं त्यांतल्या काहींनी मला नावं ठेवली. काही बायकांनी उलट येऊन कृती विचारली, घरच्या माणसासाठी. त्यांना मी कृती दिली नाही. बिअरने माणूस सुटतो असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी त्यांना एवढंच विचारायचे, तो पिण्याआधी काय काम करायचा? आणि मग त्याबद्दल बोलायचे.